ठाणे-नवी मुंबईत नव्यानं आलात? फोनवर काय दिसावं, ते स्वतः ठरवून घ्या

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नुकतंच बिऱ्हाड हलवलेल्या माणसाच्या फोनवर पहिल्या महिन्यात काय दिसतं? घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या जाहिराती, उलव्यात भाव कुठवर चढणार ते सांगणारे रील्स, जुन्या गावच्या मित्रांचे फोटो आणि कुणाच्या तरी हाणामारीचा व्हिडिओ. उद्या सकाळी नळाला पाणी नाही, ही बातमी मात्र दिसत नाही. ती आदल्या दिवशीच जाहीर झालेली असते आणि महापालिकेच्या पानावर पडून असते. पण पाणीकपातीच्या सूचनेवर कोण कशाला थांबतंय, कोण लाइक करतंय? कुणी थांबत नाही म्हणून ती वर येत नाही, आणि मग तुमच्यापर्यंतही येत नाही.

सोशल मीडिया तुम्हाला काय दाखवतं आणि काय मागे ठेवतं, हे कशावर ठरतं आणि त्यात तुम्ही कुठे हात घालू शकता, ते इथे क्रमानं दिलं आहे. पहिल्या वेळी दोन तास लागतील. रविवार दुपार काढा, घाईत करू नका.

आधी हे जवळ घेऊन बसा

- वीजबिल. वीजपुरवठा कुणाचा आणि तुमचा उपविभाग कोणता, हे त्यावरून कळतं.
- मालमत्ता कराचं बिल. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाकडून त्याचा फोटो मागवा. तुमचं क्षेत्र कोणत्या पालिकेत आणि कोणत्या प्रभागात येतं, हे त्यावर छापलेलं असतं.
- गुगल, फेसबुक, इन्स्टाग्रामचे पासवर्ड. मध्येच 'पासवर्ड आठवत नाही' झालं की काम अर्धवट राहतं.
- एक वही. फोनमधलं नोट्सचं ॲप नको, कारण पायरी ३ मध्ये पोस्ट मोजताना फोन दुसऱ्याच कामात असणार आहे.

ॲपमधल्या मेनूंची नावं अपडेटनंतर थोडी इकडेतिकडे होतात. इथे दिलेला शब्द जसाच्या तसा सापडला नाही, तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत त्यातला एक शब्द टाईप करा.

१. फीड कशी लागते, ते समजून घ्या

फेसबुकनं न्यूज फीड, म्हणजे एकाखाली एक दिसणारी पोस्टची रांग, सुरू केली ती सप्टेंबर २००६ मध्ये. इन्स्टाग्राम २०१६ पर्यंत फोटो वेळेच्या क्रमानं दाखवायचं, त्यानंतर तिथेही क्रमवारी आली. आज जवळपास प्रत्येक ॲपमध्ये काम एकाच पद्धतीनं चालतं. तुम्ही ॲप उघडलं की आधी तुम्हाला दाखवता येतील अशा सगळ्या पोस्ट गोळा होतात. मग प्रत्येकीबद्दलच्या खुणा तपासल्या जातात: कुणी टाकली, कधी टाकली, फोटो आहे की व्हिडिओ, त्या माणसाच्या पोस्टवर तुम्ही याआधी काय केलं. त्यावरून अंदाज बांधले जातात. हा माणूस यावर काही सेकंद थांबेल का? लाइक करेल का, कॉमेंट करेल का, कुणाला पाठवेल का? या अंदाजांना वजन देऊन बेरीज होते आणि ज्या पोस्टची बेरीज मोठी ती वर येते.

या हिशेबात 'ही माहिती खरी आहे का' आणि 'याला उद्या हिची गरज पडेल का' हे प्रश्न क्रम ठरवायच्या मुळाशी नाहीत. खोट्या पोस्ट मागे ढकलायची वेगळी व्यवस्था काही ॲपमध्ये असते, पण ती वरून लावलेली चाळणी आहे.

वजनं बदलली की सगळं चित्र बदलतं. यूट्यूबनं २०१२ मध्ये नुसत्या क्लिक मोजणं कमी करून व्हिडिओ किती वेळ पाहिला, याला महत्त्व दिलं आणि लांबण लावलेले व्हिडिओ वाढले. फेसबुकमध्ये २०१७ पासून काही काळ रागाच्या चेहऱ्यासकट प्रत्येक इमोजीचं वजन लाइकच्या पाचपट होतं. लोकांना चीड येईल अशा पोस्ट त्यामुळे वर जाऊ लागल्या. पुढे रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं गेलं. त्या काळात खोट्या पोस्टखाली रागाचा चेहरा टाकणाऱ्या प्रत्येकानं ती पोस्ट आणखी चार जणांपर्यंत न्यायला हातभारच लावला.

म्हणून पहिली सवय ही लावा: जे आवडत नाही त्यावर बोट थांबवू नका. 'किती मूर्खपणा आहे' असं कॉमेंटमध्ये लिहिलंत, तरी मशीनच्या खात्यात ती कॉमेंट म्हणूनच जमा होते.

२. आपला पत्ता नीट ओळखा

ही पायरी लोक गाळतात, आणि पुढचे बहुतेक घोळ इथेच होतात. 'नवी मुंबईत उद्या पाणी नाही' किंवा 'ठाण्यात रेड अलर्ट' हे वाचून ते आपल्याला लागू आहे का, हेच कळत नाही. बोलीतली नवी मुंबई एक आहे, पण कागदावरच्या तीन-चार आहेत.

दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा पट्टा, म्हणजे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ, सीवूड्स, हा नवी मुंबई महानगरपालिकेत येतो आणि जिल्हा ठाणे. बेलापूरच्या पुढे खारघर लागलं की जिल्हा रायगड. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सगळं पनवेल महानगरपालिकेत. ही पालिका २०१६ मध्ये झाली. उलवे आणि द्रोणागिरीही रायगड जिल्ह्यात, तिथला कारभार मुख्यतः सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे. पोलीस मात्र या सगळ्यांना नवी मुंबई आयुक्तालयाचेच.

वहीत हे सात रकाने भरा:

जिल्हा. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे जिल्हावार असतात. खारघरमध्ये राहणाऱ्यानं 'ठाणे' बघून उपयोग नाही, त्याला 'रायगड' बघायला हवं. पावसामुळे शाळांना सुट्टी देताना जिल्हाधिकाऱ्यांचे आदेशही जिल्ह्यापुरतेच असतात.

महापालिका आणि प्रभाग. ठाणे महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईची आठ विभाग कार्यालयं आहेत. रस्ता, कचरा, नाला या सगळ्या सूचना त्या नावांनी येतात.

पाणी कुणाचं. ठाण्यात पालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण (ठाणे आणि आसपासच्या पालिकांना पाणी देणारी संस्था), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी येतं. म्हणून 'ठाण्यात २४ तास पाणी बंद' हा मेसेज बहुतेक वेळा अर्ध्या शहरापुरता खरा असतो. एमआयडीसीची दुरुस्ती असेल तर कळवा, मुंब्रा, दिवा भागाला फटका बसतो, तेव्हा नौपाड्यात नळ चालू असू शकतो. नवी मुंबई पालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, तरी ठाणे-बेलापूर पट्टीतल्या काही वस्त्यांना एमआयडीसीचं पाणी येतं. खारघर-उलव्याकडे पाणी सिडकोकडून. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, त्यांना हे तोंडपाठ असतं.

वीज. बहुतेक ठिकाणी महावितरण. कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंट ही खासगी कंपनी.

पोलीस आयुक्तालय आणि जवळचं ठाणं.

रेल्वेमार्ग. मुख्य मध्य मार्ग, ट्रान्सहार्बर, हार्बर की उरणकडे जाणारा पोर्ट मार्ग. रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी मार्गाप्रमाणे वाचायची असते. 'सेंट्रलवर ब्लॉक' एवढ्यावरून ठाणे-वाशी गाड्यांचं काहीच कळत नाही.

बस. टीएमटी (ठाण्याची) की एनएमएमटी (नवी मुंबईची).

हे पान फाडून फ्रिजवर लावा. पुढच्या पायऱ्यांमध्ये कोणाला फॉलो करायचं, ते याच सात रकान्यांतून निघणार आहे.

३. तीस पोस्ट मोजा

सेटिंग्जला हात लावायच्या आधी आजची स्थिती लिहून ठेवा. एक ॲप उघडा आणि वरून सलग तीस पोस्ट बघा. लाइक नाही, कॉमेंट नाही, कुठे रेंगाळायचं नाही. प्रत्येक पोस्टसाठी खालीलपैकी एका ओळीत काडी मारा:

- ओळखीचं माणूस
- मी स्वतः फॉलो केलेलं पान
- ॲपनं सुचवलेलं ('सजेस्टेड' लिहिलेलं किंवा शेजारी 'फॉलो'चं बटण असलेलं)
- जाहिरात ('स्पॉन्सर्ड')
- माझ्या रकान्यांपैकी एखाद्याशी संबंध असलेलं

शेवटची ओळ इतरांसोबतही मोजायची. म्हणजे पालिकेची सूचना फॉलो केलेल्या पानावर आली, तर दोन्हीकडे काडी.

बरेचदा असं दिसतं की शेवटच्या ओळीत एक-दोन काड्याही पडत नाहीत आणि 'सुचवलेलं' व 'जाहिरात' यांनी निम्मं पान भरतं. तारीख टाकून ठेवा. चार आठवड्यांनी हीच मोजणी पुन्हा करायची आहे. आपण केलेल्या बदलांचा उपयोग झाला का, हे सांगणारं दुसरं साधन तुमच्या हातात नाही.

४. फेसबुक आणि इन्स्टाग्राम

फेसबुकच्या मेनूमध्ये 'फीड्स' नावाचा वेगळा भाग आहे. तिथे मित्र, ग्रुप आणि पानं वेळेच्या क्रमानं दिसतात, सुचवलेल्या पोस्ट नसतात. तो मुद्दाम आत ठेवलेला आहे, ॲप उघडल्यावर समोर येत नाही. रोज एकदा तिथे जायची सवय लावा. 'फेव्हरिट्स'मध्ये तीस नावं बसतात. पालिका, पोलीस, रेल्वे, वीज कंपनी यांची अधिकृत पानं तिथे टाका, कारण फेव्हरिटची पोस्ट मुख्य फीडमध्येही वर येते.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइल, उजवीकडच्या तीन रेघा, मग 'कंटेंट प्रेफरन्सेस'. तिथे सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस थांबवायचं बटण आहे. ३० दिवस झाले की ते आपोआप उठतं, आणि हे लोकांच्या लक्षात राहत नाही. कॅलेंडरमध्ये दर महिन्याची आठवण लावा. त्याच जागी 'रीसेट सजेस्टेड कंटेंट' मिळेल. त्यानं तुमच्याबद्दलचे जुने अंदाज पुसले जातात आणि रील्स, एक्सप्लोअर नव्यानं सुरू होतात. हे परत फिरवता येत नाही. आणि रीसेटनंतरचे पहिले तीन-चार दिवस फार जपायचे असतात. कोरी पाटी असल्यामुळे त्या दिवसांत एखाद्या भांडणाच्या रीलवर तुम्ही तीनदा थांबलात, तर तीच तुमची आवड ठरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

इथे एक सावधानता सांगायला हवी. वेळेच्या क्रमानं लावलेली फीड म्हणजे खरी फीड, असं समजू नका. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी मेटासोबत (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) काही लोकांची फीड तीन महिने वेळेच्या क्रमावर ठेवली. निकाल २०२३ मध्ये आले. लोकांनी ॲपवर घालवलेला वेळ घटला, पण बेभरवशाच्या स्रोतांच्या पोस्ट उलट वाढल्या आणि लोकांच्या राजकीय मतांवर लक्षात येण्याजोगा परिणाम झाला नाही. क्रम बदलला तरी आपण कुणाला फॉलो करतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच. म्हणून आधी फॉलोची यादी साफ करा. शंभर नावं काढली तरी चालेल, त्यातली पाचही तुम्हाला आठवणार नाहीत.

५. यूट्यूब

यूट्यूबवर पाहण्याचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारशींमधून येतो, असं कंपनीच्याच अधिकाऱ्यानं २०१८ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे तिथे शोधून बघणारे कमी आणि पुढे आलेलं बघणारे जास्त. घरातले ज्येष्ठ टीव्हीवर यूट्यूब लावून बसतात, त्यामुळे ही पायरी टीव्हीवरच्या खात्यासाठीही करा.

व्हिडिओखालच्या तीन ठिपक्यांवर 'नॉट इंटरेस्टेड' असतं. लोक ते दाबून समाधान मानतात. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं २०२२ मध्ये वीस हजारांहून जास्त लोकांच्या मदतीनं ही बटणं तपासली. 'नॉट इंटरेस्टेड'मुळे नकोशा शिफारशी ११ टक्केच टळल्या, डिसलाइकमुळे १२ टक्के, व्हिडिओ हिस्टरीतून काढल्यानं २९ टक्के आणि 'डोन्ट रेकमेंड चॅनल'नं ४३ टक्के. यातलं कोणतंही बटण पुरं पडत नाही, पण कोणतं आधी दाबायचं ते यावरून ठरतं. चॅनल नको असेल तर सरळ 'डोन्ट रेकमेंड चॅनल', आणि चुकून पाहिलेला व्हिडिओ हिस्टरीतून काढून टाकायचा.

मग हिस्टरीची सफाई. गुगल खात्यात 'डेटा अँड प्रायव्हसी', तिथून 'यूट्यूब हिस्टरी', तिथे 'ऑटो-डिलीट'. ३, १८ आणि ३६ महिने असे पर्याय मिळतात. ३ महिने निवडा. हिस्टरी पूर्ण बंद करून जुनी पुसून टाकली तर मुख्य पान जवळजवळ रिकामं होतं, सुचवलेलं काही येत नाही. ज्यांना फक्त सबस्क्राइब केलेलंच बघायचं आहे त्यांच्यासाठी हा उत्तम उपाय आहे, आणि ज्येष्ठांच्या टीव्हीसाठी तर मी हाच सुचवेन.

नेहमी होणारी चूक: वडिलांच्या फोनवर नातवंडं कार्टून बघतात, भाचा गेमचे व्हिडिओ लावतो, आणि मग वडिलांच्या फीडमध्ये काय वाट्टेल ते येतं. दुसऱ्याच्या हातात फोन देताना 'इन्कॉग्निटो' चालू करून द्या, त्यात पाहिलेलं हिस्टरीत जात नाही. ऑटोप्लेचं बटण व्हिडिओच्या चौकटीवरच असतं, ते बंद ठेवा.

६. एक्स (पूर्वीचं ट्विटर)

'फॉर यू' टॅब सोडा, 'फॉलोइंग'वर जा. तिथेही क्रम निवडायचा पर्याय दिसला तर 'रीसेंट' घ्या. त्याहून चांगलं म्हणजे एक खाजगी लिस्ट करा आणि फ्रिजवरच्या सात रकान्यांची अधिकृत खाती तिच्यात टाका. पावसाळ्यात सकाळी साडेसहाला ही लिस्ट उघडली की गाड्या, रस्ते आणि इशारे एका पानावर दिसतात. खातं अधिकृत आहे का, ते निळ्या खुणेवरून ठरवू नका, ती खूण पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांना करड्या रंगाची खूण असते. तीही नसेल तर संस्थेच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून खात्यावर जा.

७. व्हॉट्सॲप

इथे क्रमवारी लावणारं मशीन नाही. ग्रुपमधले मेसेज आले त्या क्रमानं दिसतात, आणि ते एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असल्यामुळे कंपनीला वाचताही येत नाहीत. काय पुढे जावं हे इथे माणसंच ठरवतात, मावशी, सेक्रेटरी, शाळेच्या ग्रुपमधले पालक. म्हणून विश्वास जास्त बसतो, आणि धोकाही त्यातच आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते भटक्या समाजातले, भिक्षा मागून जगणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटपर्यंतच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला, असा नियम झाला.

करायचं ते असं:

सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स. तिथे 'एव्हरीवन' असेल तर 'माय काँटॅक्ट्स' करा. घर घेण्यासाठी कुठे नंबर दिला असेल तर 'गुंतवणुकीच्या' ग्रुपांत तुम्हाला परस्पर घालणं यानं थांबतं.

सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो-डाउनलोड. सगळ्या खुणा काढा. व्हिडिओ आपोआप उतरला नाही की तो बघायचा की नाही, हा निर्णय तुमच्या हातात राहतो.

मेसेजवरचा बाण बघा. एक बाण म्हणजे पुढे पाठवलेला. दोन बाण म्हणजे किमान पाच हात फिरून आलेला. दोन बाणांचा मेसेज कुणी 'आत्ताच मित्रानं सांगितलं' म्हणून टाकला, तर तो मित्राकडून आलेला नाही.

सोसायटीत दोन वेगळे ग्रुप मागून घ्या: फक्त ॲडमिन लिहू शकतील असा सूचनांचा, आणि गप्पांचा दुसरा. गप्पांचा म्यूट करा. लिफ्ट बंद, टँकर किती वाजता, गॅसची पाइपलाइन कधी तपासणार, हे दोनशे 'गुड मॉर्निंग'खाली गाडलं जाऊ नये, एवढीच मागणी आहे आणि कमिटी ती सहज मान्य करते.

एक सापळा खास ग्रुपांचा. तोच मजकूर सोसायटी, शाळा, गाव आणि ऑफिस अशा चार ग्रुपांत आला की 'चार ठिकाणांहून कळलं' असं वाटतं. चारही ठिकाणी शब्द, स्वल्पविराम आणि चुकासुद्धा सारख्याच असतील तर उगम एकच आहे.

८. आलेली गोष्ट तपासायची कशी

जुलैमधली एक रात्र समजा. साडेनऊला जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राचा फोटो येतो: 'अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी.' फोटो मोठा करा. वरती कोणता जिल्हा लिहिला आहे? ठाणे असेल आणि मुलाची शाळा खारघरला असेल, तर पत्र खरं असूनही तुमच्या कामाचं नाही. मग तारीख, वर्षासकट. दरवर्षी गेल्या वर्षीचं खरं पत्र नव्यानं फिरतं, आणि त्यात खोटं काहीच नसल्यामुळे ते ओळखायला सगळ्यात अवघड. जावक क्रमांकाजवळची तारीख आणि मजकुरातली तारीख जुळते का? फोटोत तारखेचा कोपराच कापलेला असेल तर तिथेच थांबा. शेवटी जिल्हा माहिती कार्यालय, महापालिका किंवा शाळा यांच्याकडून तेच आलं आहे का बघा. एवढ्याला चार मिनिटं लागतात.

व्हिडिओ असेल तर वेगळी रीत. पाणी भरलेल्या रस्त्याचा व्हिडिओ, खाली लिहिलंय 'आत्ता, ठाणे स्टेशन'. व्हिडिओ थांबवून तीन ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या: जिथे दुकानांच्या पाट्या दिसतात, जिथे गाड्यांच्या नंबरप्लेट दिसतात, जिथे बस दिसते. नंबरप्लेटवर एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई, एमएच ४६ पनवेल, एमएच ०५ कल्याण. एखादी गाडी कुठूनही आलेली असू शकते, पण दहाच्या दहा गाड्या दुसऱ्या राज्याच्या असतील तर ते ठाणे स्टेशन नाही. पाट्या मराठीत आहेत का? पिन कोड किंवा शहराचं नाव कुठे वाचता येतं का? मग स्क्रीनशॉट गुगल लेन्समध्ये (फोटोवरून शोधणारं साधन) टाका. पूर्ण चौकट टाकू नका, वरचा मजकूर आणि इमोजी कापून फक्त दृश्य ठेवा, नाहीतर लेन्स त्या अक्षरांमागेच धावतं. तेच दृश्य जुन्या तारखेनं सापडलं तर उत्तर मिळालं. काहीच सापडलं नाही, तर व्हिडिओ खरा ठरत नाही, फक्त तपास अपुरा राहतो.

आवाजाची क्लिप आली, 'मी अमुक हॉस्पिटलमधून बोलतोय', तर ती तपासायला जवळपास काहीच हाताशी नसतं. नाव नाही, तारीख नाही, ठिकाणाची खूण नाही. अशी क्लिप पुढे पाठवू नका. केंद्र सरकारच्या योजनेबद्दल शंका असेल तर पीआयबी फॅक्ट चेक हा केंद्राचाच तथ्य-तपासणी विभाग बघा. राज्य किंवा पालिकेच्या गोष्टी तिथे मिळत नाहीत.

खोटी पोस्ट खोडून काढताना ती पुन्हा शेअर करू नका. खरी माहिती वेगळी लिहा, खोट्या फोटोवर मोठी फुली मारा आणि मगच लागला तर तो टाका.

९. घरांच्या जाहिराती

मालमत्तेच्या एखाद्या संकेतस्थळावर दोनदा फ्लॅट शोधलात की दोन महिने सगळीकडे फ्लॅटच दिसतात. त्यातून 'सगळे उलव्यातच घेतायत' असा समज होतो, तो तुमच्या शोधाचा प्रतिध्वनी आहे. जाहिरातीच्या तीन ठिपक्यांवर 'हे मला का दिसतंय' विचारता येतं, ते एकदा वाचाच. फोनच्या सेटिंग्जमध्ये फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ॲपची 'अचूक लोकेशन' परवानगी काढा.

'रिव्ह्यू' म्हणून येणाऱ्या रील्समध्ये पैसे घेतले असतील तर तसं लिहिणं बंधनकारक आहे, तरी बरेच लिहीत नाहीत. रीलमधल्या माणसाच्या बोलण्यापेक्षा महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक शोधा. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड असावा लागतो. तो स्कॅन करून महारेराच्या पानावर ताबा द्यायची तारीख आणि किती वेळा मुदतवाढ घेतली ते बघा. सिडको किंवा म्हाडाच्या सोडतीबद्दल रील किंवा ग्रुपमधल्या दुव्यावर पैसे भरू नका, त्या त्या संस्थेचं संकेतस्थळ स्वतः टाईप करून उघडा.

१०. तक्रार करायची वेळ आली तर

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, त्याच तासात. पुढची लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात आणि अडवणं कठीण होतं.

बदनामी, खोटं खातं किंवा अफवेची पोस्ट असेल तर हटवायच्या आधी पुरावा घ्या: पूर्ण स्क्रीनशॉट, पोस्टची लिंक, टाकणाऱ्याच्या प्रोफाइलची लिंक, तारीख आणि वेळ. नुसता कापलेला फोटो नेला तर पोलीस ठाण्यात लिंक मागतात आणि तोवर पोस्ट उडालेली असते. ॲपमध्ये 'रिपोर्ट' करा, त्याचा क्रमांक जपून ठेवा. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार हा अधिकारी नेमणं त्यांना बंधनकारक आहे. तिथेही दाद लागली नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, त्यासाठी वकील लागत नाही.

चौथ्या रविवारी तीस पोस्टची मोजणी पुन्हा करा. पाचव्या ओळीत काड्या वाढल्या नसतील तर पायरी ४ मधली फेव्हरिट्सची यादी बघा, बहुतेक वेळा ती भरायची राहिलेली असते. आणि घर बदललंत, ऐरोलीहून उलव्याला किंवा कळव्याहून खारघरला गेलात, तर फ्रिजवरचं पान काढून नवं लावा: जिल्हा, पालिका, पाणी आणि रेल्वेमार्ग हे चार रकाने तरी नक्की बदललेले असतील.